पेटीला कुलूप, प्रवाशाला बेड्या

अमेरिकेचा नकाशा उघडा आणि उजवीकडचा वरचा कोपरा पाहा. मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड. या सहा राज्यांच्या उत्तरेला कॅनडा, पूर्वेला आणि दक्षिणेला समुद्र, आणि पश्चिमेला वरपासून खालपर्यंत एकटं न्यू यॉर्क राज्य. देशाच्या उरलेल्या भागात मोटारीने जायचं तर न्यू यॉर्क ओलांडल्यावाचून दुसरी वाट नाही.

व्हरमाँटमध्ये पिस्तूल बाळगायला परवाना कधीच लागला नाही. न्यू हॅम्पशायरने लपवून बाळगण्यासाठीच्या परवान्याची सक्ती २०१७ मध्ये उठवली. सीमेपलीकडे न्यू यॉर्कमध्ये मात्र तेच पिस्तूल त्या राज्याच्या परवान्याशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा, आणि बाहेरच्या कुठल्याही राज्याचा परवाना तिथे चालत नाही. मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे आणि बऱ्याच वर्षांपासून कागदी लक्ष्यावर पिस्तुलाची नेमबाजी करतो. माझ्यासारख्यांना ओहायोतल्या कॅम्प पेरीला जायची ओढ असते, कारण राष्ट्रीय नेमबाजी सामने १९०७ पासून तिथे भरत आले आहेत. वाट मॅसॅच्युसेट्समधून, मग सबंध न्यू यॉर्क आडवं कापून, मग पेनसिल्व्हेनियाच्या एका टोकावरून. घरातून निघताना मी कायदा पाळणारा माणूस असतो. ओहायोत उतरतो तेव्हाही असतो. मधल्या रस्त्यावर मी कोण असतो, हे ठरवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये एक कलम लिहिलं. ते इतकं अर्धवट लिहिलं आहे आणि न्यायालयांनी ते इतकं कुरतडलं आहे, की त्याच्या भरवशावर गाडी काढणाऱ्याला मी आज तोंडावर सांगतो: बाबा रे, हे कलम तुझी अटक थांबवत नाही. अटक झाल्यावर तुझ्या वकिलाने न्यायाधीशापुढे वाचून दाखवायचा तो मजकूर आहे. वरातीमागून घोडं, आणि तेही भाड्याचं.

या कलमाचा क्रमांक ९२६-ए. फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट या कायद्याचा तो भाग. अध्यक्ष रेगन यांनी १९ मे १९८६ रोजी त्यावर सही केली. कलमाचा आशय साध्या मराठीत असा: ज्या ठिकाणी बंदूक बाळगणं आणि जवळ वागवणं तुम्हाला कायदेशीर आहे तिथून, तशाच दुसऱ्या ठिकाणी, कुठल्याही कायदेशीर कामासाठी तुम्ही ती नेऊ शकता. मधल्या राज्याचा कायदा काहीही म्हणो. अट इतकीच की बंदूक रिकामी हवी, आणि बंदूक किंवा काडतुसं गाडीत बसलेल्या माणसाच्या हाताशी येता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर ती कुलूपबंद पेटीत हवीत, आणि ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा दोन सीटमधला कप्पा म्हणजे ती पेटी नव्हे.

वाचताना वाटतं, झालं की काम. बंदूक रिकामी केली, पेटीत घातली, कुलूप लावलं, पेटी डिकीत टाकली. आता काय हवं?

आता थांबायला हवं. माणसाला भूक लागते, लघवी लागते, गाडीला पेट्रोल लागतं, बर्फ पडतो, टायर फुटतो, लेकराला ताप येतो, आणि दिवसभर गाडी हाकल्यावर डोळे मिटायला लागतात. कलमात यातल्या एकाचाही उल्लेख नाही. पेट्रोल पंपावर थांबलं तर चालतं का? रात्री मोटेलात उतरलं तर पेटी गाडीत ठेवायची की खोलीत न्यायची? गाडीत ठेवली तर चोरी होईल, आणि चोरी झालेली बंदूक ज्याच्या हातात पडेल त्याचं पाप माझ्या माथी. खोलीत नेली तर ती माझ्या हाताशी आली. चाळीस वर्षं झाली, काँग्रेसने यावर एक ओळ लिहिलेली नाही. पंपावर, जेवणाला आणि रात्रीच्या मुक्कामाला थांबणं प्रवासातच धरावं, अशी दुरुस्ती सुचवणारी विधेयकं वॉशिंग्टनमध्ये एकाहून अधिक वेळा मांडली गेली. एकाचाही कायदा झाला नाही.

याला वेळ लागतो, असं कुणी मला सांगू नये. मे १९८६ मध्ये सही झालेलं हेच कलम जुलै १९८६ मध्ये, अजून अंमलात यायचं होतं तेव्हाच, काँग्रेसने पुन्हा लिहून काढलं. पहिला मसुदा फार ढिला झाला अशी ओरड झाली, आणि निघण्याच्या व पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी बंदूक कायदेशीर हवी ही अट त्या वेळी आत आली. अट योग्यच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण प्रवाशाभोवती दोरी आवळायची होती तेव्हा दोन महिने पुरले. त्याच प्रवाशाला रात्री कुठे झोपायचं ते सांगायला चार दशकं पुरली नाहीत, आणि याची लाज तिथल्या कुणालाही वाटत नाही.

वाटेत थांबावं लागलं तर काय होतं ते एका माणसाने भोगलं आहे, आणि ते न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. खटल्याचं नाव रेवेल विरुद्ध पोर्ट ऑथॉरिटी. २००५ साली युटातला हा गृहस्थ सॉल्ट लेक सिटीहून पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला विमानाने निघाला होता. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, पेटी सामानात, सामान विमान कंपनीकडे रीतसर नोंदवून सोपवलेलं. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं. कंपनीने बसची सोय केली. बसमध्ये बसला तर सामान बसमध्ये नाही. सामान शोधायला उतरला, बस निघून गेली. सामान हाती आलं तोवर रात्र झाली होती. विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपला, सकाळी परत विमानतळावर आला, काउंटरवर स्वतःहून सांगितलं की सामानात पिस्तूल आहे, आणि तिथेच पकडला गेला. न्यू जर्सीचा परवाना नाही म्हणून एक आरोप, टोकाला पोकळ, म्हणजे होलो पॉइंट काडतुसं जवळ होती म्हणून दुसरा. काही दिवस कोठडीत गेले. पुढे सरकारी वकिलाने आरोप मागे घेतले. जप्त केलेलं सामान परत मिळायला मात्र वर्षं लागली.

त्याने भरपाईचा दावा लावला. २०१० मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय अपील न्यायालयाने, म्हणजे थर्ड सर्किटने, तो फेटाळला. या माणसावर त्याचा स्वतःचा दोष नसताना हा प्रसंग आला, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. तरीही रात्रभर सामान त्याच्या ताब्यात होतं, म्हणजे पिस्तूल हाताशी होतं, म्हणजे कलमाचं संरक्षण सुटलं. मग त्याने करायला काय हवं होतं? त्यावर न्यायालयाने सुचवलेला एक मार्ग असा, की त्याने ते पिस्तूल रात्रीपुरतं पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं होतं.

हा सल्ला ज्यांनी दिला ते विद्वान होते, आणि म्हणूनच मला त्याचा संताप येतो. न्यू जर्सीत रात्री एखाद्या पोलिसाकडे जाऊन, साहेब, माझ्या बॅगेत परवाना नसलेलं पिस्तूल आहे, सकाळपर्यंत सांभाळता का, असं विचारायचं! ज्या वाक्यासाठी सकाळी बेड्या पडल्या तेच वाक्य रात्री बोलायचं, आणि पोलीस पावती फाडून देईल अशी आशा धरायची! सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच थर्ड सर्किटने २०१३ मध्ये न्यू जर्सीच्या रायफल आणि पिस्तूल क्लबांच्या दाव्यात पुढचं पाऊल टाकलं. कलमात गाडीच्या आतल्या भागाचा उल्लेख आहे, म्हणून संरक्षण गाडीतल्या प्रवासालाच आहे, गाडीबाहेर पायी चालणाऱ्याला नाही, असा अर्थ लावला. आणि २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या सेकंड सर्किटने टोराको खटल्यात सांगितलं की ९२६-ए मोडल्याबद्दल नागरिकाला पोलिसांवर संघीय हक्कभंगाचा दावाच लावता येत नाही. कारण काय? रस्त्यावरच्या पोलिसाला दोन परक्या राज्यांचे कायदे तिथल्या तिथे कसे ठाऊक असणार. अडचण खरी आहे. पोलिसाला खरंच ठाऊक नसतात. पण मग तो अडाणीपणा कुणाच्या खिशातून भरून निघायचा? पोलिसाला कायदा कळत नाही म्हणून नागरिक कोठडीत जाणार, आणि कायद्याचं सगळं ज्ञान अपेक्षित आहे ते त्या नागरिकाकडून! पन्नास राज्यांचे नियम पगार घेणाऱ्या पोलिसाला पाठ नसले तर क्षम्य, आणि सुट्टी काढून निघालेल्या सुताराला, नर्सला, मास्तराला पाठ नसले तर तुरुंग. असल्या न्यायाला मी न्याय म्हणायला तयार नाही.

या दोन न्यायालयांच्या हद्दीत न्यू यॉर्क, कनेक्टिकट, व्हरमाँट, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ही राज्यं येतात. ज्या पट्ट्यात या संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच पट्टा. माँटानाहून वायोमिंगला जाणाऱ्याला ९२६-ए माहीत नसलं तरी चालतं.

दुसरं भोक मॅगझिनचं. कलमात बंदूक आहे, काडतुसं आहेत, मॅगझिन हा शब्दच नाही. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बाळगायला बंदी आहे. ग्लॉक १७ या जगभर खपणाऱ्या पिस्तुलाबरोबर सतरा गोळ्यांचं मॅगझिन येतं. म्हणजे पिस्तूल संरक्षित, काडतुसं संरक्षित, आणि त्यांच्यामधला पत्र्याचा डबा संरक्षित आहे की नाही याचा निकाल तुमच्या खटल्यात लागायचा. ज्या पिस्तुलाला ते मॅगझिन लावूनच कारखान्याबाहेर काढतात, त्या पिस्तुलाबद्दल कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचलं नाही, यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

न्यू जर्सीची शिक्षाही ऐकून ठेवा. परवान्याशिवाय पिस्तूल जवळ असणं हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, पाच ते दहा वर्षं. त्यावर ग्रेव्ह्ज अ‍ॅक्ट. तो मुळात १९८१ चा, बंदूक घेऊन गुन्हा करणाऱ्यांना जरब बसावी म्हणून केलेला. पुढे तो नुसत्या बाळगण्यालाही लागू केला आणि २०१३ मध्ये किमान मुदत बेचाळीस महिन्यांवर नेली. बेचाळीस महिने, म्हणजे साडेतीन वर्षं पॅरोलही नाही. दुकान लुटणाऱ्यासाठी घडवलेला हातोडा आता डिकीत पेटी ठेवणाऱ्याच्या डोक्यावर टांगला आहे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, फिलाडेल्फियाची सत्तावीस वर्षांची एक आई अटलांटिक सिटीकडे गाडीने निघाली होती. दोन मुलं, रुग्णांचं रक्त काढण्याची नोकरी, आणि वर्षभरात दोनदा लुटली गेल्यामुळे घेतलेलं पिस्तूल. पेनसिल्व्हेनियाचा परवाना रीतसर मिळवलेला. किरकोळ वाहतूक नियमासाठी पोलिसाने थांबवलं, तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा परवाना. तिला वाटलं, वाहन परवाना जसा सगळीकडे चालतो तसा हाही चालतो. चालत नाही. पिस्तूल भरलेलं होतं, पर्समध्ये होतं, म्हणून ९२६-ए तिच्या कामाचं नव्हतं, हेही मी सांगितलंच पाहिजे, कारण तिचं नाव घेऊन गळे काढणारे पुष्कळ जण हा भाग गिळून टाकतात. पण तिला आठवड्यांमागून आठवडे तुरुंगात ठेवणं, पूर्वी कधी गुन्हा न केलेल्या बाईला खटल्याऐवजी देखरेखीवर सोडण्याची योजना नाकारणं, आणि साडेतीन वर्षांसाठी आत पाठवायचा हट्ट धरणं, यात समाजाचं कोणतं रक्षण होतं? त्याच अटलांटिक काउंटीत त्या सुमारास एका नामांकित फुटबॉलपटूला, आपल्या होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये बुक्का मारून बेशुद्ध पाडल्यावर, तीच योजना मिळाली होती. ओरड झाली, २०१४ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने सरकारी वकिलांना नवी सूचना काढली, मग तिलाही ती मिळाली. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

आणखी एकाचं सांगतो. कोलोरॅडोहून न्यू जर्सीत बिऱ्हाड हलवणारा तरुण. पिस्तुलं रिकामी, डिकीत. एका घरातून दुसऱ्या घरात सामान नेताना बंदूक नेण्याची सवलत न्यू जर्सीच्या स्वतःच्याच कायद्यात आहे. पंचांनी त्या सवलतीबद्दल विचारलं, आणि न्यायाधीशांनी ती त्यांना समजावून द्यायला नकार दिला. २०१० मध्ये सात वर्षांची शिक्षा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ख्रिस्टींनी शिक्षा कमी करून त्याला बाहेर काढलं, आणि २०१८ मध्ये पूर्ण माफी दिली. दोन्ही वेळा न्याय आला तो गव्हर्नरच्या टेबलावरून, न्यायालयातून नव्हे. ज्यांच्यासाठी वर्तमानपत्रं ओरडली नाहीत, त्यांच्यापर्यंत गव्हर्नर पोहोचला नाही.

न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या राज्यांत गुन्ह्यांत सापडणाऱ्या बंदुकांपैकी बहुसंख्य बाहेरच्या राज्यांतून येतात. दक्षिणेतल्या ढिल्या राज्यांत विकत घ्यायच्या आणि आय-९५ महामार्गाने उत्तरेत आणून विकायच्या, हा धंदा इतका जुना आहे की त्या रस्त्याला आयर्न पाइपलाइन असं नाव पडलं. न्यू जर्सीत बंदूक घ्यायला बोटांचे ठसे लागतात, ओळखपत्र लागतं, प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो. या सगळ्याला माझा पाठिंबा आहे, आणि माझ्या क्लबातल्या पुष्कळांना तो आवडत नाही. पण पाइपलाइनवाला माल घेऊन विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन नोंद करत नाही. पोलिसाने काच खाली करायला लावली तर आपण होऊन परवाना पुढे करत नाही. रिकामी बंदूक एका पेटीत, काडतुसं दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलपं, किल्ली तिसरीकडे, असा खटाटोप करत नाही. तो करतो आपल्यासारखा माणूस, आणि खरं बोलला म्हणून सापडतो तोही आपल्यासारखाच माणूस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि यात चोर पकडण्याची इच्छाच मला दिसत नाही. सोपं सावज पकडून आकडे भरण्याची दिसते.

न्यू यॉर्क शहराने तर या वृत्तीची हद्द गाठली. घरात पिस्तूल ठेवण्याचा परवाना देताना नियम असा, की ते शहराबाहेर न्यायचंच नाही. रिकामं नाही, कुलूपबंद नाही, दुसऱ्या घरी नाही, शेजारच्या काउंटीतल्या रेंजवरही नाही. शहराने स्वतः तपासून, ठसे घेऊन, पैसे घेऊन ज्याला परवाना दिला, त्यालाच शहराची वेस ओलांडू द्यायची नाही! लोक न्यायालयात गेले. शहर वर्षानुवर्षं हा नियम सार्वजनिक सुरक्षेसाठी अत्यावश्यक असल्याचं शपथेवर सांगत राहिलं आणि खालच्या न्यायालयांत जिंकतही राहिलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेतलं मात्र, शहराने नियमच बदलला. एप्रिल २०२० मध्ये न्यायालयाने आता वाद उरला नाही म्हणून प्रकरण निकाली काढलं. जो नियम सुरक्षेला इतका आवश्यक होता, तो हरण्याची शक्यता दिसताच अनावश्यक कसा झाला, याचा जाब शहराला कुणीही विचारला नाही.

या सगळ्यात पोलिसांनी स्वतःची सोय कधीच करून घेतली आहे. २००४ मध्ये लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी अ‍ॅक्ट झाला. त्याने नोकरीतल्या आणि निवृत्त झालेल्या पात्र पोलिसांना, ओळखपत्र आणि नेमबाजीची पात्रता असेल तर, भरलेलं पिस्तूल लपवून पन्नासही राज्यांत फिरायची मुभा दिली. ओहायोचा निवृत्त पोलीस न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला भरलेलं पिस्तूल कमरेला लावून जाऊ शकतो. मी त्याच राज्यातून रिकामं पिस्तूल कुलपात घालून नुसता पुढे जातो, तर माझ्या पोटात गोळा. राज्यांची सार्वभौमता, स्थानिक परिस्थिती, संघराज्याची मर्यादा या मोठमोठ्या गोष्टी त्या कायद्याच्या वेळी काँग्रेसच्या आड आल्या नाहीत.

आता बंदूकवाल्या संघटनांकडे वळतो, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथे आहे. काय मागायचं होतं? कलमात चार ओळी. थांबे धरा, मुक्काम धरा, मॅगझिन धरा, आणि पेटीला कुलूप दिसल्यावर अटक केली तर पोलीस खात्याला भरपाई द्यावी लागेल असं लिहा. यावर पुष्कळसे डेमोक्रॅटही मोडता घालू शकले नसते, कारण यात कुणाच्या कमरेला एकही पिस्तूल जादा लागत नाही. त्याऐवजी या संघटनांनी सगळा जोर लावला तो एका राज्याचा लपवून बाळगण्याचा परवाना पन्नास राज्यांत चालावा या मागणीवर. डिसेंबर २०१७ मध्ये ते विधेयक प्रतिनिधीगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये मेलं. सिनेटमध्ये साठ मतं लागतात हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं का? होतं. दर निवडणुकीला तेच विधेयक वर काढायचं, तेच ईमेल धाडायचे, तीच वर्गणी मागायची. एकोणतीस राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. या राज्यांतली माणसं आपल्या हक्काच्या भ्रमात सीमा ओलांडतात, आणि त्यांना सीमेवर थांबवून सांगायला या संघटनांचा एकही माणूस नसतो. भांडण पेटतं राहिलं तर पैसा येत राहतो, सुटलं तर आटतो. माझ्या वर्गणीचं त्यांनी जे केलं ते पाहून मी ती बंद केली.

इथल्या आपल्या मराठी माणसांशी मला वेगळं बोलायचं आहे, आणि हे भारतातल्या आईवडिलांनीही वाचावं. न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात, टेक्ससमध्ये आपली कुटुंबं हजारोंनी आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांतल्या पुष्कळांनी बंदुका घेतल्या. कुणी भीतीपोटी, कुणी हौसेने. गणेशोत्सवाच्या जेवणावळीत मी कानांनी ऐकलेला सल्ला असा: परमिट आहे ना, मग गाडीत टाक आणि जा, कोण बघतंय. हा सल्ला देणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक बाळगणंच निषिद्ध आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद सोडले, तर सापडलात की पंधरा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. आणि ज्याला मुळात बाळगण्याचीच बंदी आहे त्याला ९२६-ए लागू होत नाही. ग्रीन कार्ड असेल तर तुम्ही बंदूक घेऊ शकता, पण बंदूक बाळगण्याच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलात की इमिग्रेशनच्या कायद्यानुसार ते हद्दपारीचं कारण आहे. इथल्या जन्मजात नागरिकाला साडेतीन वर्षं तुरुंग होतो. तुम्हाला तुरुंगही होईल आणि त्यानंतर पुण्याचं किंवा नाशिकचं एकतर्फी तिकीटही हाती पडेल. मुलं इथल्या शाळेत, कर्जाचं घर इथे. वीस वर्षांचा संसार एका पार्किंगमध्ये संपेल. वकिलाने घाईत गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घे असं सुचवलं, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय मान हलवू नका.

आणि आपल्या घराघरांतली ती होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएना. मिनीव्हॅनला वेगळी डिकी नसते. मागच्या सीटमागे टाकलेली साधी बॅग म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हाताशी असलेली बंदूक. टणक पेटी घ्या, खरं कुलूप लावा, काडतुसांनाही वेगळी कुलूपबंद पेटी द्या. दहापेक्षा मोठी मॅगझिनं आणि होलो पॉइंट काडतुसं घरी ठेवा. न्यू जर्सी किंवा न्यू यॉर्कमध्ये रात्रीचा मुक्काम करू नका, नातेवाइकाकडेसुद्धा नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे दोन दिवस राहून पुढे व्हर्जिनियाला जायचं असेल, तर बंदूक त्या सहलीला नकोच. पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर ठेवा, खोटं एक अक्षर बोलू नका, गाडी तपासायला संमती देऊ नका आणि वकील मागा.

हा सगळा जाच मी तुम्हाला सांगतो आहे तो राज्यकर्त्यांनी स्वतःचं काम केलं नाही म्हणून. स्वतःच्या देशात, स्वतःच्या मालकीची, कायद्याने घेतलेली वस्तू कुलपात घालून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेताना माणसाने इतकं भ्यावं, ही नामुष्की आहे, आणि ती ज्यांनी ओढवली त्यांना पुन्हा मत मागताना याचा जाब द्यावा लागला पाहिजे.

तुम्ही इथले नागरिक असाल, मतदार असाल, तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला फोन करा. पक्ष कोणताही असो. लपवून बाळगण्याच्या परवान्याबद्दल बोलू नका, दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचं भाषण ऐकून घेऊ नका. एवढंच विचारा, की ९२६-ए मध्ये पेट्रोल, जेवण आणि रात्रीचा मुक्काम घालायला तुम्ही मत देणार का, हो की नाही. उत्तर लेखी मागा. ग्रीन कार्डवाल्यांनो, तुम्हाला मत नाही. तोवर त्या वाटेने बंदूक नेऊ नका.